चित्रकलेची पदवी: सीईटीचा फॉर्म आणि दरवर्षी अडणारे कागद

जून उजाडला की शिरपूर, शहादा, चोपड्याकडची मुलं सायबर कॅफेत येऊन 'बीएफएचा फॉर्म भरायचाय' म्हणतात. बीएफए म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट. तो फॉर्म तोवर केव्हाच बंद झालेला असतो. चित्रकलेच्या या चार वर्षांच्या पदवीसाठी राज्याच्या सीईटी सेलची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिची नोंदणी बारावीच्या निकालाआधीच उरकते. घरात मात्र 'निकाल लागू दे, मंग देखू' चाललेलं असतं. बारावीला बसलेल्या मुलालाही हा फॉर्म भरता येतो, तेव्हा निकालाची वाट बघू नका. जानेवारीपासूनच सीईटी सेलच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

पात्रता सोपी आहे. कोणतीही शाखा चालते, बारावीला इंग्रजी विषय हवा आणि किमान ४५ टक्के. राज्यातल्या मागासवर्गीयांना ४० टक्के. फोटो, सही, शुल्क हे सगळं ऑनलाइन होतं.

खरं घोडं अडतं ते जात वैधता प्रमाणपत्रावर, म्हणजे व्हॅलिडिटीवर. सायन्सच्या मुलांचे व्हॅलिडिटीचे अर्ज कॉलेज अकरावी-बारावीत आठवणीने भरून घेतं. आर्ट्सच्या मुलाला ते कुणी सांगतच नाही. 'तुला कशाला लागते?' हे बऱ्याचदा खिडकीवरच ठरून जातं. लागते! राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर लागतेच. म्हणून अकरावीतच प्राचार्यांच्या सही-शिक्क्याने अर्ज जात पडताळणी समितीकडे जाऊ द्या. अनुसूचित जमातीसाठी समिती वेगळी असते, नंदुरबारला तिचं एक कार्यालय आहे. बाकीच्यांची जिल्हा समिती.

समिती जुना पुरावा मागते आणि तोच घरात नसतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची नोंद शोधावी लागते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल मागा. शिकले असतील तर झेडपी शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा काढा. त्यावर नाव 'सुका' आणि दाखल्यावर 'सुकदेव' असं असेल तर माणूस एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा, नाहीतर त्रुटीचं पत्र येतं आणि महिने जातात.

ओबीसी, विमुक्त-भटक्यांना नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे उत्पन्नगटाचं प्रमाणपत्रही लागतं. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि प्रवेश फेऱ्या असतात त्यानंतर. मागच्या वर्षीचा कागद जोडून फॉर्म सर्वसाधारण गटात गेलेली मुलं दर हंगामात भेटतात. पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलंच जोडा.

'इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे, मग सीईटी कशाला?' हाही नेहमीचा प्रश्न. इंटरमिजिएट म्हणजे शाळेत असताना द्यायची शासकीय चित्रकला परीक्षा. त्या ग्रेडचे दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला ७, बी ला ५, सी ला ३. त्यासाठी शाळेने नाशिक विभागीय मंडळाकडे वेळेत प्रस्ताव पाठवावा लागतो, म्हणून मुख्याध्यापकांना आधीच विचारून घ्या. सीईटीतून मात्र सुटका नाही.

सीईटीत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असतं. पोरं गळपटतात ती वस्तुचित्रात, कारण मोबाईलवरचा फोटो बघून शेडिंग घासायची सवय. समोर खरा तांब्या ठेवा. हात ताठ धरून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर उंची-रुंदीचं प्रमाण मोजा. तांब्याचं तोंड लंबगोल दिसतं, त्याच्या दोन्ही कडा टोकदार काढू नका. बुड नजरेपासून अधिक खाली असतं, म्हणून तिथली वक्ररेषा तोंडापेक्षा जास्त गोल येते. बहुतेक जण ती सरळ रेघ मारून मोकळे होतात. हे नीट जमेपर्यंत ६बी पेन्सिल बाजूलाच ठेवलेली बरी.

सीईटीचा निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला नाही. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते, आणि छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरचं शासकीय महाविद्यालय हवं असेल तर पसंतीक्रमही तिथेच भरायचा असतो. चांगले मार्क पडूनही इथे नोंदणीच न केलेला एखादा तरी दरवर्षी निघतो.