संत लिओपोल्ड मांदिच: पूर्वेची ओढ आणि पादुआची खोली

फेब्रुवारी २०१६ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी जाहीर केलेल्या दयेच्या पवित्र वर्षात, दोन कापुचिन (फ्रान्सिस्कन भिक्षूंच्या एका शाखेच्या) धर्मगुरूंची पार्थिव शरीरे रोमच्या संत पीटर महामंदिरात भाविकांच्या दर्शनासाठी ठेवली होती. त्यांपैकी पाद्रे पिओ यांचे नाव जगभर पोचलेले आहे. दुसरे होते लिओपोल्ड मांदिच. त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला नाही, संस्था काढली नाही, प्रवचनांनी सभा गाजवल्या नाहीत. बोलताना ते अडखळत. उंची सुमारे १.३५ मीटर, म्हणजे साडेचार फुटांहूनही थोडी कमी. पोटाचे दुखणे जन्माचे सोबती, सांधेदुखीने पाठीत बाक आलेला. उत्तर इटलीतल्या पादुआ शहरात एका छोट्या खोलीत बसून त्यांनी आयुष्यातली तीसेक वर्षे लोकांचे पापनिवेदन, म्हणजे देवाची क्षमा मागत धर्मगुरूपाशी दिलेली पापांची कबुली, ऐकले. एवढ्यासाठी एखाद्याला संतपद का मिळावे, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे, तेराव्या शतकात जावे लागते.

१२१५ मध्ये रोमला भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने नियम केला की जाणत्या वयाच्या प्रत्येक कॅथलिक व्यक्तीने वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूकडे पापनिवेदन करावे. त्याच नियमात आणखी एक कलम होते: ऐकलेले पाप जो धर्मगुरू उघड करील, त्याला पदावरून दूर करून आयुष्यभरासाठी कडक शिस्तीच्या मठात प्रायश्चित्त घ्यायला पाठवावे. नियम झाला, पण ते निवेदन नीट ऐकून घेणारे धर्मगुरू गावोगाव कुठून येणार? आणि ज्याच्या शेजारी राहायचे त्यालाच मनातले सांगायचे, ही अडचण तर कुठल्याही गावात असतेच. असिसीच्या फ्रान्सिस यांचे अनवाणी फिरणारे भिक्षू याच सुमारास पुढे आले. फिरस्ता, नि:संग, आज इथे तर उद्या तिथे असणारा हा भिक्षू लोकांना मन मोकळे करायला जवळचा वाटला. १२३१ च्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात पादुआमध्ये याच भिक्षूंपैकी संत अंतोनी प्रवचने देत होते, तेव्हा पापनिवेदनाला इतके लोक लोटले की धर्मगुरू कमी पडले, असे त्यांचे पहिले चरित्र सांगते. गावच्या धर्मगुरूंना हे सगळे रुचले असे नाही. वाद इतका वाढला की १३०० मध्ये पोप बोनिफेस आठवे यांना भिक्षूंच्या या अधिकारावर मर्यादा घालणारा आदेश काढावा लागला.

पुढे फ्रान्सिसच्या अनुयायांत फाटे फुटले. मूळच्या साधेपणाकडे परतण्याच्या ओढीने इटलीत मात्तेओ दा बाश्शो यांच्यापासून एक चळवळ सुरू झाली आणि १५२८ मध्ये पोप क्लेमेंट सातवे यांनी तिला मान्यता दिली. लांब टोकदार टोपीमुळे लोक या भिक्षूंना कापुचिन म्हणू लागले. लिओपोल्ड याच शाखेचे. (वसईकरांना फ्रान्सिस्कन म्हटले की आधी आठवतात ते संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झालेले हे ब्रदर त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेचे. ते धर्मगुरू नव्हते, त्यामुळे पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्यांना नव्हता.)

लिओपोल्ड यांचा जन्म १२ मे १८६६ रोजी एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या हर्सेग नोवी इथे झाला. इटालियन लोक या गावाला कास्तेलनुओवो म्हणत. आज ते मॉन्टेनेग्रोत आहे, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, त्याआधी व्हेनिसचे आणि त्याच्याही आधी तुर्कांचे. क्रोएशियन आईवडिलांच्या बारा मुलांत हे शेंडेफळ, नाव बोगदान. या बंदरात कॅथलिक थोडे, ऑर्थोडॉक्स जास्त. १०५४ पासून रोमचे कॅथलिक आणि पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स असा दुभंगलेल्या ख्रिस्ती धर्माची सीमारेषा इथे बाजारपेठेतून आणि गल्लीतून जात होती, आणि हा मुलगा तिच्या काठावर वाढला. मला त्यांच्या चरित्रात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. पादुआतला कनवाळू फादर म्हणून त्यांचे जे चित्र रूढ आहे, त्यात हे बालपण बहुधा पहिल्या परिच्छेदापुरते येते आणि विसरले जाते.

सोळाव्या वर्षी ते उदिनेच्या कापुचिन शाळेत दाखल झाले. १८८४ मध्ये बस्सानो देल ग्राप्पा इथे त्यांनी भिक्षूवस्त्र घेतले आणि लिओपोल्ड हे नाव धारण केले. पादुआत शिकत असताना, १८ जून १८८७ रोजी, दुरावलेल्या पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बांधवांच्या एकीसाठी झटण्याची हाक देवाने आपल्याला दिली, असे त्यांना जाणवले. ही तारीख त्यांनी आयुष्यभर जपली. पन्नास वर्षांनी, १९३७ मध्ये, तिचे स्मरण त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. २० सप्टेंबर १८९० रोजी व्हेनिसच्या मादोन्ना देल्ला सालुते महामंदिरात त्यांची धर्मगुरुदीक्षा झाली. आता पूर्वेला जायची परवानगी मिळेल, अशी त्यांची आशा होती. वरिष्ठांनी ती दिली नाही. या प्रकृतीच्या आणि अशा अडखळत्या वाणीच्या माणसाला प्रवासी धर्मप्रचारक म्हणून कोण पाठवणार?

झादारला तीनेक वर्षे, मग कोपर, थिएने असे करत १९०९ मध्ये ते पादुआला आले. मठातल्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम १९१४ पर्यंत त्यांच्याकडे होते. ते काम गेल्यावर उरले फक्त पापनिवेदन ऐकणे.

मग महायुद्ध आले. इटली आणि ऑस्ट्रिया एकमेकांविरुद्ध उभे ठाकले आणि लिओपोल्ड यांचे कागद ऑस्ट्रियाचे होते. नागरिकत्व बदलून पादुआत राहता आले असते, पण आपली क्रोएशियन ओळख सोडायला ते तयार झाले नाहीत. १९१७ मध्ये परदेशी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना दक्षिण इटलीत स्थानबद्धतेत धाडण्यात आले. युद्ध संपल्यावर ते परतले. १९२३ मध्ये मात्र पूर्वेचे दार किलकिले झाले: त्यांची बदली फ्युमेला, म्हणजे आजच्या रियेकाला झाली. तिथल्या स्लाव्ह लोकांचे पापनिवेदन त्यांच्याच भाषेत ऐकता येणार होते. ते निघाले, आणि पादुआ अस्वस्थ झाली. शहराचे नवे बिशप एलिया दाल्ला कोस्ता यांनी वरिष्ठांकडे शब्द टाकला आणि काही आठवड्यांतच लिओपोल्ड यांना परत बोलावण्यात आले. लोकांच्या प्रेमाने त्यांना परत आणले खरे, पण ज्या दिशेला मन लावून ते बसले होते, तिकडे जाण्याची त्यांची शेवटची संधीही त्याच प्रेमाने गेली. ते कुरकुरले नाहीत. माझ्याकडे येणारा प्रत्येक जीव हीच माझी पूर्वदिशा, असे व्रत त्यांनी घेतले आणि ते पुन:पुन्हा नूतन केले.

त्यांची खोली दोन-तीन मीटरच्या आत मावणारी. एक आरामखुर्ची, भिंतीवर क्रूस, गुडघे टेकायला छोटे बाक. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी जाळी असलेल्या लाकडी पेटीचा पायंडा रुजवला होता. इथे माणूस समोरासमोर येई. हिवाळ्यात गारठा, उन्हाळ्यात काहिली, आणि दिवसाचे दहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त. शेतकरी, विद्यापीठातले प्राध्यापक, सैनिक, धर्मगुरू, सगळे त्याच बाकावर गुडघे टेकत. एकदा बऱ्याच वर्षांनी आलेला एक माणूस गोंधळून थेट फादरांच्या खुर्चीतच बसला. लिओपोल्ड यांनी त्याला उठवले नाही. ते स्वतः बाकावर गुडघे टेकून बसले आणि तसेच त्याचे निवेदन ऐकले. आपली चूक त्या माणसाला नंतर कळली.

प्रायश्चित्त ते हलके देत. उरलेला भार रात्रीच्या प्रार्थनेत आणि उपासात स्वतः वाहत. तुम्ही फार सैल सोडता, अशी टीका सहकाऱ्यांकडून होई. त्यावर ते क्रूसाकडे बोट दाखवत: हा वाईट धडा यानेच घालून दिला, मी अजून जिवांसाठी मरण्याइतका वेडा झालेलो नाही. ही वृत्ती तेव्हाच्या वातावरणात सोपी नव्हती. पापाचे मोजमाप काटेकोर करणाऱ्या, नरकाची भीती पुढे ठेवणाऱ्या कठोर परंपरेचा पगडा तेव्हाच्या धर्मगुरूंवर होता. माणसाला आत येतानाच लाज वाटत असते, तिच्यात आपण भर घालायची नाही, हे लिओपोल्ड यांनी धरून ठेवले.

अशा माणसाचे चरित्र लिहिणाऱ्याची अडचण उघड आहे. त्यांच्या आयुष्यातले मुख्य काम ज्या शब्दांतून झाले, ते शब्द कायमचे बंद आहेत. आपल्याला कळते ते बाहेर पडलेल्या माणसांनी स्वतःहून सांगितले तेवढेच. म्हणून संतपदाच्या चौकशीत पादुआच्या सामान्य लोकांच्या साक्षींना मोल आले.

अन्ननलिकेचा कर्करोग झालेला असतानाही त्यांचे बसणे थांबले नाही. ३० जुलै १९४२ रोजी सकाळी मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनाविधीची, तयारी करताना ते कोसळले. मरियामातेचे ‘साल्वे रेजिना’ हे स्तोत्र म्हणता म्हणता त्यांनी देह ठेवला. वय ७६. बॉम्ब या चर्चवर आणि मठावर पडतील, पण ही खोली वाचेल, कारण इथे देवाने फार दया केली आहे, असे ते म्हणाल्याची आठवण सांगतात. १९४४ च्या बॉम्बवर्षावात चर्च आणि मठाचा मोठा भाग ढासळला. खोली उभी राहिली. १९६३ मध्ये त्यांचे शरीर शहराच्या दफनभूमीतून या खोलीलगतच्या प्रार्थनालयात आणले गेले.

पोप पॉल सहावे यांनी २ मे १९७६ रोजी त्यांना धन्य घोषित केले; संतपदाआधीची ही पायरी. १६ ऑक्टोबर १९८३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संतपद दिले, तेव्हा रोममध्ये बिशपांची परिषद भरली होती आणि तिचा विषयच समेट आणि प्रायश्चित्त हा होता. पुढच्या वर्षीच्या पत्रात पोपनी पापनिवेदन ऐकणाऱ्या थोर धर्मगुरूंची नावे घेतली, त्यांत फ्रान्सचे जॉन व्हिआनी यांच्याबरोबर कास्तेलनुओवोचे लिओपोल्ड आहेत.

पण पूर्वेचे काय? लिओपोल्ड यांच्या मनातली एकी ही त्यांच्या पिढीची होती: ऑर्थोडॉक्स बांधवांनी रोमकडे परत यावे. हे झाकण्यात अर्थ नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये भाषा बदलली, परत येण्याऐवजी एकमेकांकडे येण्याची भाषा आली, आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी पॉल सहावे व कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख अथेनागोरस यांनी १०५४ चे परस्परांवरचे बहिष्कार स्मृतीतून पुसून टाकल्याचे जाहीर केले. लिओपोल्ड यांनी मृत्यूआधीच्या वर्षात पाहिले ते उलटेच होते: १९४१ मध्ये युगोस्लाव्हिया कोसळले आणि त्यांच्या मायभूमीच्या अवतीभवती कॅथलिक क्रोएट आणि ऑर्थोडॉक्स सर्ब यांच्यात रक्त वाहू लागले. नव्वदीच्या दशकात ते पुन्हा वाहिले. म्हणूनच एप्रिल २०१६ मध्ये त्यांचे शरीर झाग्रेबला नेले गेले, तेव्हा क्रोएशियन कॅथलिकांनी त्यांना आपला माणूस म्हणून डोक्यावर घेतले ते समजण्यासारखे असले, तरी एका राष्ट्राचा संत एवढीच त्यांची ओळख उरली, तर १८ जून १८८७ ची ती तारीख बाजूला पडेल. पन्नास वर्षे त्यांनी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली, ते बहुतांशी सीमेपलीकडचे होते.