हुखौ (चीनमधील कुटुंबनोंदणी)

हुखौ ही चीनमधील कुटुंबनोंदणीची पद्धत होय. प्रत्येक नागरिकाचे नाव तिच्याद्वारे जन्मापासूनच एका ठरावीक गावाशी किंवा शहराशी जोडले जाते आणि शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन व घर यांबाबतचे त्याचे बरेचसे हक्क त्या ठिकाणापुरते मर्यादित होतात. या शब्दाच्या पूर्वार्धाचा अर्थ घर किंवा कुटुंब आणि उत्तरार्धाचा अर्थ तोंड असा आहे. घरात खाणारी तोंडे किती, याची नोंद चिनी राजवटी प्राचीन काळापासून ठेवत आल्या होत्या. शिधापत्रिका आणि अधिवासाचा दाखला एकत्र केल्यास हुखौच्या पुस्तिकेची थोडीफार कल्पना मराठी वाचकाला येईल. मात्र गाव सोडून दुसरीकडे राहिल्याने हुखौ बदलत नाही, त्यासाठी नव्या ठिकाणच्या प्रशासनाची मंजुरी लागते.

1954 च्या संविधानाने चिनी नागरिकाला वास्तव्य बदलण्याचे स्वातंत्र्य दिले होते. तथापि 9 जानेवारी 1958 रोजी लागू झालेल्या नोंदणी नियमांनी गावातून शहरात जाणे परवानगीवर अवलंबून ठेवले आणि 1975 च्या संविधानातून ते कलमही वगळण्यात आले. यामागे आर्थिक हिशेब होता. अवजड उद्योगांच्या उभारणीसाठी शेतकऱ्यांकडून ठरावीक, कमी भावाने धान्य घ्यायचे आणि शहरातील कामगारांना ते स्वस्तात पुरवायचे, हे धोरण 1953 पासून सुरू होते. शेतकरीच शहरात येऊ लागला असता तर ते कोसळले असते. म्हणून लोकसंख्येची 'शेती' आणि 'बिगरशेती' अशी विभागणी झाली व शहरी धान्यकुपने फक्त दुसऱ्या वर्गाला मिळू लागली. 1959 ते 1961 च्या महादुष्काळात या रेषेचा अर्थ अत्यंत क्रूरपणे उघड झाला. शहरांत अपुरा का होईना शिधा मिळत होता, तर धान्य पिकवणारी गावे उपाशी मरत होती. पुढे 1998 पर्यंत मुलाला आईचाच हुखौ मिळत असे, त्यामुळे शेतकरी स्त्रीने शहरी पुरुषाशी लग्न केले तरी मूल कागदोपत्री गावचेच राहत असे.

1978 नंतरच्या आर्थिक सुधारणांमुळे किनारपट्टीवरील कारखान्यांना मनुष्यबळ हवे झाले आणि गावांतून माणसांचे लोंढे निघाले. त्यांना 'नोंगमिनकोंग', म्हणजे शेतकरी-कामगार, असे नाव पडले. शहराला त्यांचे हात हवे होते. त्यांच्या घरची तोंडे पोसण्याची जबाबदारी मात्र नको होती. तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना जवळ नसलेल्या माणसाला पकडून गावी परत पाठवण्याचा अधिकार पोलिसांना होता. मार्च 2003 मध्ये क्वांगचौ शहरात सुन चिकांग या 27 वर्षांच्या पदवीधर तरुणाला याच कारणावरून ताब्यात घेण्यात आले व कोठडीत झालेल्या मारहाणीत त्याचा मृत्यू झाला. वृत्तपत्रांनी हे प्रकरण उजेडात आणल्यावर देशभर संताप उसळला आणि काही महिन्यांतच ती कोठडी-पद्धत रद्द झाली.

या व्यवस्थेची सर्वांत मोठी किंमत मुलांनी मोजली आहे. 2010 च्या जनगणनेवरून अखिल चीन महिला महासंघाने केलेल्या अंदाजानुसार आई किंवा वडील अथवा दोघेही कामासाठी बाहेर असल्याने गावी मागे राहिलेल्या मुलांची संख्या सुमारे 6 कोटी होती. त्यांतील अनेकांना आजी-आजोबा वाढवतात आणि आईवडिलांची भेट वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, सुट्टीतच होते. मुलांना सोबत नेणेही सोपे नसते. बीजिंगमध्ये शाळाप्रवेशासाठी नोकरी, निवास, नोंदणी इत्यादींचे 'पाच दाखले' मागितले जात. प्रवेश मिळाला तरी गाओखाओ ही विद्यापीठ-प्रवेशपरीक्षा सामान्यतः हुखौच्या प्रांतातच द्यावी लागते. विद्यापीठांच्या जागा प्रांतवार वाटलेल्या असतात आणि बीजिंग-शांघायच्या नोंदणीधारकांना तेथील नामांकित विद्यापीठांत त्यांच्या संख्येच्या मानाने पुष्कळ अधिक जागा मिळतात. त्यामुळे शहरात वाढलेली अनेक मुले ऐन किशोरवयात एकटीच अनोळखी गावी परततात. हा अन्याय या पद्धतीचे कोणतेही आर्थिक समर्थन झाकू शकत नाही.

2014 मध्ये शासनाने शेती-बिगरशेती हा भेद रद्द करण्याचे ठरवले. 1 जानेवारी 2016 पासून स्थानिक हुखौ नसलेल्या रहिवाशांना काही सेवा देणारी निवासपत्रे सुरू झाली आणि लहान-मध्यम शहरांतील निर्बंध पुढे बरेच सैल झाले. परंतु रोजगार जेथे आहे त्या महानगरांत शिक्षण, विमाहप्ते व वास्तव्याची वर्षे यांवर गुण मोजूनच हुखौ मिळतो, आणि साहजिकच मजुरांपेक्षा उच्चशिक्षित पुढे राहतात. 2020 च्या जनगणनेनुसार 63.89 टक्के लोक शहरांत राहत होते, पण शहरी हुखौ असलेले सुमारे 45 टक्केच होते; स्थलांतरितांची संख्या 37.6 कोटींवर गेली होती. दुसरीकडे, आता लहान-मध्यम शहरांचा हुखौ सहज मिळत असतानाही अनेक ग्रामस्थ तो घेत नाहीत. गावातील जमीन सामूहिक मालकीची असून शेती कसण्याचा व घर बांधण्याचा हक्क गावच्या सदस्यत्वाशी जोडलेला आहे. 2018 च्या कायदादुरुस्तीने शहरी नोंदणीसाठी कसण्याचा हक्क सोडण्याची अट घालण्यास मनाई केली असली, तरी कारखाना बंद पडल्यास आधार म्हणून उरणारी ही जमीन धोक्यात घालण्यास लोक तयार नसतात.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत घर सोडलेली कामगारांची पहिली पिढी आता म्हातारी होत आहे. 2023 मध्ये जवळपास 30 कोटी शेतकरी-कामगारांपैकी 30 टक्क्यांहून अधिक जण पन्नाशी ओलांडलेले होते. शहरी विम्यात नाव नसलेल्यांना उतारवयात ग्रामीण निवृत्तिवेतनावरच विसंबावे लागते. केंद्र शासनाने 2024 मध्ये त्याची किमान मूळ रक्कम दरमहा 103 युआनवरून 123 युआन केली. शहरी उद्योगांतून निवृत्त झालेल्या कामगाराचे सरासरी निवृत्तिवेतन तीन हजार युआनच्या वर आहे.