थंडीतला खाडा, ले-ऑफ आणि अर्धा पगार

१८७७ साली नागपुरात मोठी कापडगिरणी सुरू झाली, तेव्हापासून इथल्या मजुरीचा हिशेब मस्टरवरच चालत आला. खाडा पडला की रोजी बुडाली, मग कारण ताप असो की थंडी. १९३६ च्या वेतन कायद्याने कपातीला मर्यादा घातली : जेवढा वेळ गैरहजर, तेवढ्याचेच पैसे कापायचे. आठ तासांच्या पाळीला धुक्यामुळे अर्धा तास उशीर झाला, तर कपातही अर्ध्या तासाचीच. तरी सरसकट ‘हाफ डे’ मांडणारे सुपरवायझर आजही आहेत, आणि ते चूकच आहे.

खरा गुंता १९५३ मध्ये आलेल्या ले-ऑफच्या, म्हणजे कामगाराला तात्पुरते कामाविना ठेवण्याच्या तरतुदीचा. वीज, कोळसा, कच्चा माल नाही किंवा यंत्र बिघडले म्हणून मालक काम देऊ शकला नाही, तर मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. नैसर्गिक आपत्तीचे कारण या यादीत नंतर आले. अट अशी की आस्थापनेत किमान ५० कामगार हवेत, मस्टरवर नाव हवे आणि वर्षभराची सलग नोकरी हवी.

वाद होतो तो हजेरीवरून. पाळीच्या वेळी फाटकावर आलेल्याला दोन तासांत काम मिळाले नाही, तर त्या दिवसाचा ले-ऑफ धरतात. पाळीच्या उत्तरार्धात बोलावले तर ले-ऑफ अर्ध्याच दिवसाचा. मूळ पगार व भत्ता मिळून रोज ६०० रुपये असेल, तर पहिल्या अर्ध्याचे १५० आणि दुसऱ्याचे पूर्ण ३००, असे ४५० होतात. उत्तरार्धात येऊनही काम मिळाले नाही, तरी ते ३०० द्यावेच लागतात. पण ‘कारखाना बंदच असेल’ असे समजून बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत न गेलेल्याला भरपाई नाही, कारण दिवसातून एकदा हजेरी देणे बंधनकारक आहे. सहाच्या पाळीसाठी काटोल-रामटेकहून निघणाऱ्यावर ही अट सर्वांत जड पडते. फाटकावर आल्याची नोंद झाल्याशिवाय परतू नये; पुढे पुरावा तोच लागतो.

डिसेंबर २०१८ अखेर नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला. मैदानी भागात ४ अंश किंवा त्याखालचे किमान तापमान थंडीची लाट ठरते, आणि केंद्राच्या आपत्ती मदतनिधीच्या यादीतही ती आहे. मात्र या यादीमुळे पगार मिळत नाही. नुसती लाट आली आणि कारखाना चालू राहिला, तर घरी थांबलेल्याला रजा टाकावी लागते, नाहीतर खाडा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. ५० कामगारांची मर्यादा आणि निम्मी भरपाई तशीच राहिली. ले-ऑफसाठी सरकारी परवानगीचा उंबरठा मात्र १०० वरून ३०० कामगारांवर गेला, म्हणजे मधल्या आकाराच्या कारखान्यांतल्या कामगारांचे ते संरक्षण गेले.