भेगांवरचं भिरंडेल नेमकं करतं काय?

थंडी पडली की कोकणात भिरंडेलाचा गोळा बाहेर निघतो. कोकमाच्या बियांचं हे तेल एरवी घट्ट असतं. तुकडा पळीत वितळवायचा आणि कोमट असतानाच टाचेच्या भेगेत भरायचा. दोन-चार रात्रींत ठणका उतरतो आणि श्रेय जातं तेलातल्या ‘औषधी गुणां’ना. मला मात्र खरं कारण जास्त रंजक वाटतं.

तळपायाला घाम येतो, पण तिथे तैलग्रंथी नसतात. कोरड्या हवेत टाचेची जाड कातडी पाणी गमावते, ताठर होते आणि अंगाचं वजन पडलं की ताणली न जाता फाटते. मग दर पावलाला भेगेचे काठ ओढले जातात. कळ येते ती त्याची. वर तेलाचा थर बसला की आतून येणारा ओलावा उडून न जाता तिथेच मुरतो आणि काठ मऊ पडतात. भेग भरून काढते ती कातडीच.

ओलावा अडवण्यात पेट्रोलियम जेलीचा हात धरणारं फारसं कोणी नाही. 1859 मध्ये रॉबर्ट चीझब्रो हा 22 वर्षांचा रसायनतज्ज्ञ पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलच्या तेलविहिरींवर गेला. पंपाच्या दांड्यांवर साचणाऱ्या काळ्या मेणाने कामगार वैतागले होते. पण कापलं, भाजलं की तेच चोपडत होते. त्याने ते शुद्ध केलं आणि 1872 मध्ये ‘व्हॅसलीन’चं पेटंट घेतलं.

ओलाव्याने जखमेचं काय होतं, हे मात्र 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी दाखवलं. डुकरांच्या उथळ जखमांपैकी काही त्यांनी उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिन लावलं. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कडक खपलीखालून नव्या पेशींना वाट काढत जावं लागतं; ओल्या जागी त्या सरळ सरकतात. ‘वारा लागू दे, सुकेल’ हा घरोघरचा सल्ला, निदान साध्या खरचटण्यापुरता तरी, तिथेच मोडीत निघाला. (ताजं भाजलेलं असेल तर मात्र मलम, तूप काही नको, आधी 20 मिनिटं नळाचं गार वाहतं पाणी.)

आतल्या नाजूक अस्तराचा हिशेब वेगळा. तोंड आलं की तेल उपयोगाचं नाही, लाळेत ते टिकतच नाही. तिथे ओल्या जागी चिकटून फुगणारी, सेल्युलोजपासून बनवलेली पेस्ट लागते. मग आमटीचं तिखट थेट फोडाला झोंबत नाही. योनीच्या कोरडेपणावर पाण्याचा किंवा सिलिकॉनचा जेल बरा, कारण तेलाने लॅटेक्सचा कंडोम काही मिनिटांतच कमकुवत होतो.

नाकात रोज तूप किंवा जेली घालणाऱ्यांनी तर जपूनच असावं. खोकला न येताही स्निग्ध पदार्थ फुप्फुसात उतरू शकतो, तिथून सहजी बाहेर पडत नाही, आणि महिनोन्‌महिने साचत गेला तर एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. तान्ही मुलं आणि गिळायला त्रास होणारे म्हातारे यांच्या नाकात तेल सोडूच नये.