नॉटिलस पाणबुडीची प्रतिकृतीबांधणी

नॉटिलस पाणबुडीची प्रतिकृतीबांधणी : वॉल्ट डिझ्नी यांच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ (१९५४) या चित्रपटातील नॉटिलस या काल्पनिक पाणबुडीची लहान प्रमाणातील प्रतिकृती तयार करण्याची कारागिरी. पाणबुडीचे चित्रपटीय रूप कलाकार हार्पर गॉफ यांनी कल्पिले. टोकाला करवतीसारखी दातेरी सोंड, तिथून सुरू होऊन चालककक्षावरून मागे शेपटीपर्यंत गेलेल्या दातेरी पट्ट्या, चालककक्षाच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखी चमकणारी फुगीर भिंगे, दिवाणखान्याच्या गोल खिडक्या आणि सर्वांगावर उठून दिसणारे रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) ही तिची ओळखीची लक्षणे. काल्पनिक पाणबुड्यांमध्ये हिच्याइतका अभ्यास क्वचितच दुसऱ्या एखाद्या पाणबुडीचा झाला असेल. प्रत्यक्षात कधीच न बांधलेल्या जहाजाची प्रतिकृती करताना मूळ कशाला मानायचे, हा या कारागिरीतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

आकाराचे मूळ : नॉटिलसचा उगम फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या कादंबरीत आहे. ती मार्च १८६९ ते जून १८७० या काळात पॅरिसच्या एका नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. अल्फाँस द नव्हील आणि एद्वार रियू यांच्या चित्रांसह तिची सचित्र आवृत्ती १८७१ मध्ये निघाली. नाव कोठून आले याबद्दल फारसा मतभेद नाही. अमेरिकन अभियंता रॉबर्ट फुल्टन याने १८०० च्या सुमारास फ्रान्समध्ये बांधलेल्या पाणबुडीचे नाव नॉटिलस होते. आकाराची प्रेरणा मात्र वादग्रस्त आहे. १८६३ मध्ये रॉशफोर येथे जलावतरण झालेल्या ‘प्लाँझर’ या फ्रेंच पाणबुडीकडे बहुतेक अभ्यासक बोट दाखवतात. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या या पाणबुडीची प्रतिकृती १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली होती आणि व्हर्न यांनी ती पाहिली होती, असे सांगितले जाते. स्पेनमधील नार्सीस मोंतुरिओल यांच्या ‘इक्तिनेओ’ पाणबुड्यांचाही उल्लेख केला जातो. प्लाँझरचा पक्ष अधिक बळकट वाटतो, कारण काळ आणि स्थळ दोन्ही जुळतात. तसे असल्यास नॉटिलसच्या इतिहासाची सुरुवातच एका प्रतिकृतीपासून होते.

व्हर्न यांनी पाणबुडीची मापे बारकाईने दिली आहेत : लांबी ७० मीटर, सर्वाधिक रुंदी ८ मीटर, घनफळ १,५००.२ घनमीटर. आकार दोन्ही टोकांना निमुळता, सिगारसारखा. नव्हील आणि रियू यांच्या चित्रांतही ती गुळगुळीत, जवळजवळ निरलंकार दिसते. गॉफ यांनी या रूपापासून पूर्ण फारकत घेतली. आपल्याला मगर आणि शार्क यांच्या रूपावरून कल्पना सुचली, असे त्यांनी पुढे सांगितले. कादंबरीच्या आरंभी खलाशी पाणबुडीला अज्ञात सागरी प्राणी समजतात आणि ती जहाजांना भोके पाडते, हा धागा त्यांनी पकडला. स्वतः डिझ्नी यांना आधी गुळगुळीत नळीसारखे रूप अभिप्रेत होते, असेही सांगितले जाते.

आपल्या रूपाच्या समर्थनार्थ गॉफ यांनी दुसरेही एक कारण दिले. निर्जन बेटावर, हाती लागलेल्या लोखंडातून घडवलेली पाणबुडी ओबडधोबड आणि रिव्हेटांनी भरलेलीच असणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. कादंबरीचा पाठ याला आधार देत नाही. तेथे पाणबुडीचा कप्तान नेमो सांगतो की तळकणा फ्रान्समधील क्रूझो कारखान्यात, आसाचा दांडा लंडनला, कवचाचे पत्रे लिव्हरपूलच्या लेअर्ड यांच्याकडे, पंखा ग्लासगोत, यंत्रे प्रशियात क्रुप यांच्याकडे आणि सोंड स्वीडनमधील मोताला कारखान्यात, अशी वेगवेगळ्या नावांनी मागणी देऊन भाग घडवून घेतले. बेटावर झाली ती फक्त जुळणी. म्हणजे व्हर्न यांची नॉटिलस ही त्या काळच्या सर्वोत्तम कारखान्यांची नेमकी, सफाईदार निर्मिती होती. रिव्हेटांचे जंगल हा गॉफ यांचा दृश्यविचार आहे, कादंबरीचा अर्थ नव्हे. असे असले तरी त्याची ताकद मान्य करावी लागते. कादंबरीत वाक्यावाक्याने उभे राहणारे भय या रूपाने पडद्यावर एका नजरेत उभे केले.

व्हर्न यांची मराठी वाचकांना ओळख मुख्यतः भा. रा. भागवत यांच्या अनुवादांतून झाली. त्या वाचकांना आठवेल की व्हर्न यांच्या पुढच्या एका कादंबरीत (१८७४-७५) नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डाकार आणि १८५७ च्या उठावात लढलेला असल्याचे उघड होते. चित्रपटाने हा भाग घेतलेला नाही. त्यात अभिनेते जेम्स मेसन यांनी रंगवलेल्या नेमोला वेगळा भूतकाळ दिला आहे. त्यामुळे चित्रपटाच्या आधारे दिवाणखाना बनवणाऱ्याने भारतीय खुणा शोधू नयेत; त्या तेथे नाहीत.

परिमाणे व प्रमाण : चित्रपटासाठी नॉटिलस एकदा नव्हे, अनेकदा बांधली गेली. पाण्याबाहेर दिसणाऱ्या भागाचा पूर्ण आकाराचा सेट होता आणि तो सुमारे २०० फूट (६१ मीटर) लांब होता असे दिले जाते. पाण्याखालच्या दृश्यांसाठी मुख्यतः ११ फूट (३.३५ मीटर) लांबीची प्रतिकृती वापरली गेली. त्याखेरीज आणखी लहानमोठ्या प्रतिकृती होत्या. या सर्वांची प्रमाणे एकमेकांशी जुळत नाहीत. २०० फूट ही लांबी मानली तर ११ फुटी प्रतिकृतीचे प्रमाण साधारण १:१८ येते, पण सेटवरील माणसे, झडपा आणि पायऱ्या यांच्या उंचीवरून उलट गणित केल्यास लांबी कमी भरते. म्हणून नंतरच्या आरेखनांत २०० फुटांपेक्षा कमी लांबी धरलेली आढळते. हा फरक किरकोळ नाही. १:७२ प्रमाणात ६१ मीटरची पाणबुडी सुमारे ८५ सेंटिमीटर होते. मूळ लांबी ५५ मीटर मानली तर तीच ७६ सेंटिमीटरवर येते. आतल्या माणसांच्या आकृत्या मात्र दोन्हीकडे तेवढ्याच राहतात, आणि दिवाणखान्याची खिडकी कोणाला मोठी तर कोणाला लहान वाटू लागते.

याहून अवघड अडचण सिनेमास्कोपमुळे निर्माण झाली. या तंत्रात खास भिंगाने चित्र आडव्या दिशेने दाबून फिल्मवर घेतात आणि प्रक्षेपणाच्या वेळी पुन्हा रुंद करतात. चित्रीकरणाच्या काळात अशी भिंगे दुर्मिळ होती. त्यामुळे काही दृश्यांसाठी आडव्या दिशेने आधीच दाबलेली, म्हणजे उंचीच्या मानाने आखूड केलेली नॉटिलस बांधण्यात आली. ती साध्या भिंगाने टिपली की पडद्यावर योग्य प्रमाणात दिसे. उपाय विलक्षण हुशारीचा होता, पण त्याचा फटका नंतरच्या अभ्यासकाला बसतो : या आखूड प्रतिकृतीच्या छायाचित्रावरून काढलेली मापे सरळ चुकीची ठरतात. छायाचित्र कोणत्या प्रतिकृतीचे आहे हे ठरवल्याशिवाय त्यावर मोजपट्टी ठेवू नये.

बांधणाऱ्यापुढे म्हणून निवड उरते : गॉफ यांची आरेखने, पूर्ण आकाराचा सेट की ११ फुटी प्रतिकृती. तिन्हींची सरासरी काढण्याचा मोह होतो. त्यातून तयार होणारी पाणबुडी कोणत्याच दृश्यात दिसत नाही. बाह्यांगासाठी ११ फुटी प्रतिकृती आणि पाठीवरचा कठडा, झडपा, लहान होडीची खोबण अशा तपशिलांसाठी सेट प्रमाण मानावा, हे अधिक सयुक्तिक वाटते.

पाण्यात चालणारी प्रतिकृती : शोभेच्या प्रतिकृतीपेक्षा रेडिओ-नियंत्रित, खरोखर बुडणारी प्रतिकृती पुष्कळ कठीण. लांबी दुप्पट केली की वजन आठपट होते, हा घननियम येथे पदोपदी जाणवतो. व्हर्न यांच्याच आकड्यांवर हिशेब केला तर १:७० प्रमाणात १ मीटर लांबीची नॉटिलस सुमारे ४.४ किलोग्रॅम पाणी बाजूला सारते. १:३५ प्रमाणात २ मीटरची तब्बल ३५ किलोग्रॅम.

बहुतेक बांधणारे बाहेरचे कवच पाणी भरू देणारे ठेवतात आणि मोटर, विजेऱ्या, रेडिओ व बॅलास्ट टाकी (बुडण्यासाठी पाणी भरून घेण्याची टाकी) एका जलरोधक नळीत बसवतात. टाकीत पाणी घेण्यासाठी पंप, दट्ट्या किंवा दाबलेला वायू अशा पद्धती आहेत. कवचात हवेचा बुडबुडा अडकला तर पाणबुडी वाकडी होते, म्हणून सर्वांत उंच जागी हवा निसटण्याची छिद्रे लागतात. नॉटिलसच्या बाबतीत ती दातेरी पट्ट्यांच्या मुळाशी सहज लपवता येतात.

पाण्यावर तरंगताना या पाणबुडीचा बराच भाग वर असतो : चालककक्ष, पट्ट्या, कठडा. टाकी भरताना हे सगळे हळूहळू पाण्यात जाते. त्या मधल्या क्षणी पाण्याच्या पातळीवरील छेद लहान होतो आणि जहाजाची स्थिरता सर्वांत कमी असते. वरचे भाग जाड धातूचे असले तर प्रतिकृती इथेच कुशीवर वळते. उपाय एकच, वरचे भाग पातळ आणि हलके करायचे, तळाशी शिसे ठेवायचे आणि फोम जलरेषेच्या लगत बसवायचा. पूर्ण बुडाल्यावर गुरुत्वमध्य उत्प्लावन केंद्राच्या (पाण्याचा वर ढकलणारा जोर जेथे एकवटतो त्या बिंदूच्या) खाली राहिलाच पाहिजे.

आजकाल सर्रास वापरला जाणारा २.४ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ येथे निरुपयोगी ठरतो, कारण त्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरांतच शोषल्या जातात. त्यामुळे २७, ४० किंवा ७५ मेगाहर्ट्‌झचे जुने संच अजूनही जपले जातात. कोणता पट्टा वापरता येतो ते त्या त्या देशाच्या नियमांवर अवलंबून असते. खाऱ्या पाण्यात याही लहरी टिकत नाहीत, म्हणून या पाणबुड्या गोड्या पाण्यातच चालवतात. संपर्क तुटताच टाकी आपोआप रिकामी व्हावी अशी सोय असणे अत्यावश्यक आहे.

पृष्ठभाग व रंग : कवच सामान्यतः फायबर ग्लासचे, सिलिकॉनच्या साच्यातून काढलेल्या रेझिनचे किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्याचे असते. त्रिमितीय मुद्रणानेही भाग काढले जातात. त्यावरच्या थरांच्या रेषा घासून काढाव्या लागतात आणि त्या भरात रिव्हेटही जातात, म्हणून रिव्हेट शेवटी बसवणे बरे. त्यासाठी गोंदाचे बारीक थेंब, खोदीव पितळी पट्ट्या किंवा चिकटवायचे तयार रेझिन-ठिपके वापरतात. रंगाबद्दल एकमत नाही. पडद्यावर पाणबुडी कुठे तांबूस गंजकट तर कुठे हिरवट करडी दिसते. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषते, त्यामुळे पाण्याखालच्या दृश्यांवरून मूळ रंग ठरवणे धोक्याचे आहे.

संदर्भस्थळे : चित्रपटाचे अंतर्भागाचे सेट डिझ्नीलँडमध्ये १९५५ ते १९६६ या काळात पाहायला ठेवले होते. फ्लोरिडातील डिझ्नी वर्ल्डमध्ये १९७१ ते १९९४ पर्यंत नॉटिलसच्या रूपातील प्रवासी बोटी चालत. पॅरिसजवळील डिझ्नी उद्यानात १९९४ पासून आत फिरून पाहता येईल अशी नॉटिलस आहे, आणि टोकियो डिझ्नीसीमध्ये २००१ पासून एक उभी आहे. या सर्व चित्रपटानंतरच्या पुनर्रचना आहेत. मूळ मापांचा आधार म्हणून त्यांचा उपयोग मर्यादित, पण तपशिलांचा अदमास घेण्यासाठी मोठा. पॅरिसच्या नॉटिलसच्या रचनेत टॉम शर्मन यांचा वाटा होता. त्यांनी आपले राहते घरच नेमोच्या दिवाणखान्यासारखे सजवले होते.

इतर पाणबुड्या : १९१६ च्या मूकपटातील नॉटिलसच्या प्रतिकृती फार कमी आढळतात. ‘व्हॉयेज टू द बॉटम ऑफ द सी’ (१९६१) या चित्रपटातील सीव्ह्यू ही मात्र नॉटिलसखालोखाल लोकप्रिय. चित्रीकरणासाठी बांधलेली तिची सर्वांत मोठी प्रतिकृती १७ फुटांहून अधिक लांब होती. ऑरोरा या अमेरिकन कंपनीने तिचा प्लॅस्टिकचा जोडसंच विक्रीस आणला होता.