वाचकवर्गणीवरची पत्रकारिता

बातमीचा खर्च जाहिरातदारावर किंवा सरकारी जाहिरातींवर न टाकता वाचकांनीच थोडाथोडा उचलायचा, अशी ही पद्धत. कोण दर महिन्याला शंभर-दोनशे यूपीआय करतो, कोण वर्षाचे एकदम देतो, कधी एकाच विषयासाठी फंड काढतात. नेदरलँड्समधल्या 'दे कॉरस्पॉन्डंट'ने २०१३ साली असे दहा लाख युरो जमवले, दिल्लीचं 'न्यूजलाँड्री'ही वाचकांच्या सबस्क्रिप्शनवर चालतं.

गोव्यात याची गरज का पडते ते पेपरांच्या मालकीवरून समजतं. १९६२ चा 'गोमन्तक' चौगुल्यांनी काढला, १९६३ चा 'नवहिंद टाइम्स' धेंप्यांचा, आणि दोन्ही घराणी मूळची खाणवाली. त्यामुळे पेपर वाईट निघाले असं अजिबात नाही, पण २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हासारख्या वेळी वाचकाच्या मनात शंका राहतेच, आणि आता खाणींच्या जोडीला बिल्डर आणि कॅसिनोच्या फुल पेज जाहिराती आहेत.

पैसा लागतो तो मोठ्या स्टिंगबिंगला नाही, बारीक कामाला. नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली जमिनीचा झोन बदलायची नोटीस निघते, तिच्यात फक्त गाव, सर्व्हे नंबर, चौरस मीटर आणि ऑर्चर्डचं (बागायतीचं) सेटलमेंट (वस्तीचं) एवढंच, आणि हरकतीला ३० दिवस. मग कोणीतरी तो नंबर नकाशावर शोधायचा, डोंगर आहे की शेत ते जाऊन बघायचं, जमीन कोणाची ते दाखवणारा एक-चौदाचा उतारा काढायचा, रविवारी ग्रामसभेत तीन तास बसायचं, आणि एवढं करून बातमी दोनशे शब्दांची. अशा बातमीला जाहिरात कोण देणार? त्या वाड्यावरचेच लोक दिले तर देतील.

अडचणी दोन. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या ई-मँडेट नियमांनंतर कार्डावरून आपोआप कापली जाणारी बरीच वर्गणी तुटली, परत ऑथेंटिकेशन करायचा कंटाळा सगळ्यांनाच. दुसरी खास गोंयची. बाहेरगावच्या गोंयकाराला गावच्या बातमीची ओढ जास्त, पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला माणूस कायद्याने परदेशी, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, आणि एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे बातम्या देणाऱ्यांना परदेशी देणगी चालत नाही. गल्फमध्ये भारतीय पासपोर्टवर असलेला भाऊ बँकेतून स्वतःच्या कमाईतले देऊ शकतो, पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनमध्ये असलेला सख्खा भाऊ नाही.