फ्लुओरेसन्स एंडोस्कोपी (मोठ्या आतड्याची)

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर बहुधा निळा प्रकाश टाकून तेथून उमटणाऱ्या प्रतिदीप्तीवरून कर्करोग व त्याच्या पूर्वावस्था हुडकण्याच्या दुर्बीण तपासणीला फ्लुओरेसन्स एंडोस्कोपी म्हणतात. काही पदार्थ कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात, असे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये दाखवले; हीच प्रतिदीप्ती. समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद स्पिरिटमध्ये घोळून अतिनील दिव्याखाली धरली, तर ती पिवळसर हिरवी चमकते, ती याच गुणामुळे.

अस्तराखालच्या थरातील कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन निळ्या प्रकाशात हिरवट प्रतिदीप्ती देते. गाठ बनू लागलेल्या जागी अस्तर जाड होते, तेथील रक्त प्रकाश शोषून घेते आणि हिरवी चमक क्षीण होते. म्हणून पडद्यावर निरोगी भाग हिरवा, तर संशयास्पद भाग जांभळट दिसतो. देठाचा पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब) साध्या पांढऱ्या प्रकाशातही कळतो, पण भोवतालच्या अस्तराच्याच रंगाचा सपाट पॉलिप निसटतो, आणि या पद्धतीची खरी अपेक्षा तेथेच आहे. दुसऱ्या प्रकारात रुग्णाला आधी ५-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल देतात. त्यापासून विकृत पेशींत साचणारे पोर्फिरिन हे रंगद्रव्य लाल चमकते. मात्र त्यानंतर एकदोन दिवस कडक उन्हापासून जपावे लागते, आणि वैशाखात शेताची मशागत करणाऱ्याला ते सांगणे सोपे नाही.

सूज आलेला भागही जांभळा दिसू शकतो, त्यामुळे निदान शेवटी बायोप्सीच्या, म्हणजे काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेल्या, तुकड्यावरच ठरते. पांढऱ्या प्रकाशापेक्षा ही पद्धत सरस असल्याचे सर्व चाचण्यांत दिसलेले नाही, म्हणून ती सर्रास वापरात आलेली नाही.

विदर्भातील ग्रामीण रुग्णालयांत अशी दुर्बीण नसते. साध्या कोलोनोस्कोपीसाठीही (मोठ्या आतड्याच्या नेहमीच्या दुर्बीण तपासणीसाठी) सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरसारखे मोठ्या रुग्णालयाचे ठिकाण गाठावे लागते. त्याआधीच बराच काळ निघून गेलेला असतो, कारण संडासवाटे पडणारे रक्त मूळव्याधीच्या खाती जमा होते, आणि उजव्या बाजूच्या गाठीतून नकळत झिरपणाऱ्या रक्ताने आलेला पंडुरोग (रक्तक्षय), जेथे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार घरोघरी ठाऊक आहे तेथे, त्याच नावावर खपतो.

पूर्वतयारीकडे या तपासणीत अधिकच लक्ष द्यावे लागते, कारण आतड्यात उरलेला मळ स्वतःच चमकतो; पालेभाजीतील हरितद्रव्याचे अवशेष निळ्या प्रकाशात लाल दिसतात व पोर्फिरिनच्या चमकेशी त्यांची गल्लत होऊ शकते. म्हणून आधीचे दोनतीन दिवस अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर व सालीची डाळ बंद करून मऊ भात आणि ताक देतात. जुलाबाच्या औषधाचे दोन ते चार लिटर द्रावण निम्मे आदल्या संध्याकाळी व निम्मे तपासणीच्या चारसहा तास आधी प्यायचे असते. गडचिरोली जिल्ह्यातल्या दूरच्या भामरागडहून एसटीने निघालेल्या माणसाला हे वाटेत जमणे शक्य नाही, त्यामुळे आदल्या दिवशीच येऊन संडास जवळ असेल अशा ठिकाणी मुक्काम करणे बरे. शेवटचा जुलाब गाळ नसलेल्या फिक्या पिवळ्या पाण्यासारखा झाला, तरच आतडे स्वच्छ झाल्याचे धरतात.